पलीकडच्या टेपावर

कल्याण स्टेशनबाहेर शेवळं आली होती. गोणपाटावर मातकट जांभळ्या जुड्या, आणि प्रत्येक जुडीवर न मागता ठेवलेली चार हिरवी काकडं. मी थांबलो तो त्या काकडांपाशी. काकडाच्या आंबट फळाशिवाय शेवळांची रानभाजी घशाला खाजते. गिऱ्हाईक पुन्हा भेटेल न भेटेल, त्याच्या घशाची काळजी या बाईने डोंगरातूनच बांधून आणली होती.

"कुठनं आलात, मावशी?"

"देहरीच्या वरनं. पहाटंच्या एसटीनं."

देहरी म्हणजे मुरबाड, म्हसा मागे टाकून गोरखगड-मच्छिंद्रगडाच्या पायथ्याला. तिथल्या वाड्यांवर मी गेलोय ते राब भाजायच्या दिवसांत. काळी पडलेली शेतं, पाल्याचा धूर. एका ठाकरवाडीत पाच घरं, मग ओहोळ, मग पलीकडच्या टेपावर आणखी चार. शेणाने सारवलेले कारवीचे कूड. आम्हाला पलीकडे जायचंय म्हटल्यावर एक म्हातारबाबा उठले, अंगणाच्या कडेला गेले, तोंडाशी हात धरून त्यांनी हाक घातली. शेवटचा स्वर लांबवलेला. जरा वेळ काहीच नाही. मग तिकडून बाईचा आवाज आला. बाबा वळून म्हणाले, "जावा आता. चा टाकलाय." ओहोळ उतरून, चढण चढून आम्ही पोचलो तेव्हा कोरा चहा ओतला जात होता, आणि कप बरोबर माणसांइतके मांडलेले होते.

विखुरलेली वस्ती म्हणजे मागासलेली वस्ती, हे मला पटत नाही. जिथे झरा आणि नाचणी-वरीपुरती वरकस जमीन, तिथे चार घरं. डोंगर पोसेल तेवढीच माणसं एका जागी.

याच मुलखात, सिद्धगडाच्या जंगलात, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याने पाडलेले विजेचे मनोरे सगळ्यांना आठवतात. मला मात्र माथेरानच्या कोतवाल वकिलांनी त्याआधी काढलेल्या धान्यकोठ्या जास्त मोलाच्या वाटतात. ऐन पावसात घरातला दाणा संपतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पावसाळा तिथे आजही कठीणच. ओहोळ भरला की पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही, आणि आजारी माणसाला झोळीतून खाली न्यायचं तर पाणी ओसरायची वाट बघत बसावं लागतं. त्या ओहोळावर साकव हवा. चार घरांसाठीसुद्धा हवा.