स्टाफाचा कातळ आणि पफिन

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे मल नावाचं मोठं बेट आहे आणि त्याच्याही पलीकडे स्टाफा. लांबी जेमतेम एक किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी, वस्ती अजिबात नाही. बोट जवळ जाऊ लागली तसे पाण्यातून सरळ उभे राहिलेले काळे खांब दिसू लागले. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या मला तो दगड ओळखायला वेळ लागला नाही. आपल्या किल्ल्यांचा, लेण्यांचा तोच काळा पाषाण, बेसाल्ट!

उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला त्या काळात, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, इथे लाव्हा पसरला. असा जाड थर सावकाश थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगा खोलवर उतरत गेल्या की पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिलही अशाच खांबांची. तिच्याभोवती आता इमारती आहेत. स्टाफाभोवती फक्त समुद्र.

तुटलेल्या खांबांच्या माथ्यांवर पाय ठेवत, कठडा धरून आम्ही फिंगल्स केव्हपर्यंत गेलो. गुहा साधारण सत्तर मीटर खोल आहे. बाहेर समुद्र शांत वाटत होता, पण आत शिरणारी प्रत्येक लाट भिंतींवर घुमत होती आणि तो आवाज छातीत जाणवत होता. संगीतकार मेंडेलसोन 1829 मध्ये या भागात आला आणि त्या प्रवासातून त्याची ‘हेब्रिडीज’ ही रचना जन्मली. गुहेच्या तोंडाशी उभं राहिल्यावर त्यात नवल वाटत नाही.

मी आले होते मात्र पफिनसाठी. पायऱ्या चढून माथ्यावर गेलं की गवताळ पठार लागतं. तिथे कड्याजवळच्या मातीत या पक्ष्यांची बिळं असतात. ती पायाखाली ढासळू शकतात, म्हणून कडेला जायचं नाही, बसून राहायचं. आमच्या नावाड्याने सांगितलं होतं, ‘तुम्ही बसलात की ते येतील. माणसं असली की चोचीतले मासे हिसकावणारे गल पक्षी लांब राहतात, हे त्यांना ठाऊक आहे.’

आणि खरंच आले. आधी खाली पाण्यावर ठिपके तरंगताना दिसले, मग भराभर पंख मारत एकेक वर येऊ लागला. एक माझ्यापासून हातभर अंतरावर उतरला. उंची वीतभर, पाय झळझळीत नारिंगी, चोच लाल-पिवळ्या पट्ट्यांची. त्या चोचीत सँड-ईल नावाचे बारीक चंदेरी मासे आडवे लोंबत होते. जिभेने ते टाळूवरच्या काट्यांवर दाबून धरायचे, म्हणजे आधीचे न सुटता पुढचे पकडता येतात. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, दोन पावलं टाकली आणि बिळात शिरला. आतून पिल्लाची चिवचिव ऐकू आली. आपण नुसतं बसल्याने एका पिल्लाचा घास वाचला असेल, या विचाराने फार समाधान वाटलं.

पफिनची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. हा पक्षी वीस-वीस वर्षं जगतो, त्यामुळे एखादं वाईट वर्ष तो निभावून नेतो. पण वाईट वर्षं ओळीने आली तर गेलेली संख्या भरून यायला फार काळ लागतो. समुद्र तापतोय, सँड-ईल कमी होतायत आणि तोच मासा माणूसही जाळ्यांनी उपसत होता. 2024 मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने आपल्या साऱ्या समुद्रात सँड-ईलची मासेमारी बंद केली. इतक्या लहान माशासाठी एवढा मोठा निर्णय झाला, याचं मोल त्या बिळाजवळ बसल्यावर कळतं. तो निर्णय टिकलाच पाहिजे.