आधी स्टँड, मग मासे!

घरात समुद्र आणायचा म्हटलं की सगळे आधी क्लाउनफिश बघतात. मी आधी कॅल्क्युलेटर काढला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण २५५ लिटर. म्हणजे नुसतं खारं पाणीच २६० किलो! वर काच, वाळू, दगड. पाच-सहा माणसं कायमची एकाच जागी उभी म्हणा ना! टीव्ही युनिटला हे झेपणार नाही. पार्टिकल बोर्ड ओलाव्याने फुगतो, खारे शिंतोडे साधं लोखंड गंजवतात. म्हणून सुताराकडून मरीन प्लायचं कॅबिनेट करून घेतलं, पाणसळ लावून समतल बसवलं. जरा जरी कललं तरी काचेच्या जोडांवर ताण येतो. शोरूममधला नाजूक स्टँड झकास दिसत होता, पण खालच्या काकूंच्या छताचाही विचार नको? मासे काय, पुढच्या पगारालाही येतील.