घरचं आणि विकायचं

कारंज्याच्या बाजारात वांगी घेऊन बसले होते. एका म्हातारीनं एक वांगं उचलून विचारलं, "बाई, घरी बी हेच खाता, का इकाचं येगळं अस्ते?" मी मान खाली घातली.

आमच्याकडे दोन तऱ्हेची शेती होती. घरामागच्या सांदवाडीत भेदरं, ढेमसं, बरबटी, सांभार. सगळं शेणखतावरचं, औषधाचा थेंब न लागलेलं, आणि ते फक्त आमच्या ताटात यायचं. वावरातल्या वांग्यात शेंडे पोखरणारी अळी दिसली की फवारा. आज फवारलं, परवा तोडलं आणि बाजारात नेलं. फवारल्यावर किती दिवस थांबायचं ते डब्यावर छापलेलं असतं. आम्ही ते कधी वाचलंच नव्हतं.

त्याच वर्षी, 2017 साली, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. त्या पावसाळ्यात आमचे हेही फवारून आले आणि चक्कर येऊन ओसरीत बसले. त्या रात्री ठरलं, अर्धा एकर तरी सांदवाडीसारखा करायचा.

दारात गवळाऊ गाय होतीच. ही जात आमच्या आर्वी-कारंजा भागातलीच. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीनं जीवामृत करायला शिकलो. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती घालायची, दोन दिवस सावलीत ठेवून ढवळत राहायचं. निंबोळ्या मी पावसाच्या तोंडावर वेचून वाळवते. 5 किलो कुटून रात्रभर भिजवल्या, गाळल्या की 100 लिटर अर्क होतो.

पहिली दोन वर्षं उत्पन्न घटलं. टोपलीत किडकी वांगी जास्त, गिऱ्हाईक कमी. हे रोज हिशोब मांडायचे आणि मी रोज वेचून काढायचे. टाळेबंदीनंतर मात्र लोक स्वतःहून विचारू लागले. आज नागपूर-अमरावती रस्त्यानं जाणारी ओळखीची माणसं गाडी थांबवून भाजी आणि तुरीची डाळ नेतात. भाव बाजारापेक्षा थोडा जास्त असतो, पण घासाघीस होत नाही.

'सेंद्रिय' या शब्दाला आता मागणी आहे, म्हणून तो जपून वापरते. आमच्या संत्र्यावर कोळशी पसरली की अजूनही औषध मारावं लागतं. ती बाग मी सेंद्रिय म्हणून विकत नाही, गिऱ्हाइकाला आधीच सांगते. भाजीची गोष्ट वेगळी. सांदवाडी आणि वावर यांत आता फरक उरलेला नाही.

ती म्हातारी पुन्हा भेटली नाही. तिचा प्रश्न मात्र तुमच्या हाती देते. भाजी घेताना भावाआधी कास्तकाराला विचारा, "घरी हेच खाता का?" आणि तो "हो" म्हणाला, तर दोन रुपये जास्त द्यायला मागे सरू नका.