सुई, स्टीलचा डबा आणि आमची चूक

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. थोरल्या सूनबाई माजघरांत झबलें शिवीत असतां हातांतली सुई निसटली. घरांत रांगतें मूल; सर्वांच्याच तोंडचें पाणी पळालें. केरसुणी फिरली, दिवा लावून झाला, पण सुई कांहीं मिळेना. तेव्हां आमच्या दहा वर्षांच्या नातवानें मोडक्या रेडिओच्या कर्ण्यामागचा लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरविला. चटईच्या कडेंतून सुई उडाली आणि त्याला चिकटली.

आम्हीं जन्मभर शिकविलेला धडा तो! लोखंडाच्या पोटांत अतिसूक्ष्म प्रदेश असतात. प्रत्येक प्रदेश म्हणजे इवलासा लोहचुंबकच. एरवीं त्यांचीं तोंडें चोहों दिशांस असल्यामुळें एकाचें बळ दुसरा मोडतो. लोहचुंबक जवळ येतांच त्याच्या दिशेचे प्रदेश वाढतात, कांहीं वळतात. सुई घटकाभर स्वतःच लोहचुंबक बनते व ओढली जाते. ही कल्पना पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९०७ सालीं मांडली.

मग नातू स्वयंपाकघरांत शिरला. तवा, विळी, अडकित्ता चिकटले. पितळेचें पातेलें व तांब्याचा गडू ढिम्म राहिले. पुढें स्टीलच्या भांड्यांची पाळी आली. एक ताट चिकटलें. शेजारचा डबा मात्र चिकटेना! “आजोबा, स्टील म्हणजे लोखंडच ना?” या प्रश्नासरशीं आमच्या काळजांत चर्र झालें.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं सहावीच्या वर्गांतील एका मुलानें हेंच म्हटलें होतें. “गुरुजी, आमचा डबा लोहचुंबकाला चिकटत नाहीं,” असें सांगून त्यानें डबा पुढेंही केला. आम्हीं तो हातांत घेतला नाहीं. “पुस्तकांत लिहिलें आहे तें खोटें काय?” असें दरडावून त्याला तासभर उभें केलें.

वस्तुतः मुलगा खरा होता. डब्याच्या स्टीलांत लोखंडाबरोबर सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. निकेलच्या योगें आंतील अणूंची मांडणी पालटते आणि लोखंडाचा तो गुण लोपतो. निकेल नसलेलें क्रोमियमचें स्टील मात्र चिकटतें. विजेच्या इंडक्शन शेगडीवर कांहीं भांडीं तापतात व कांहीं तापत नाहींत, त्याचें मूळही बहुतांशीं येथेंच आहे.

वैशेषिक दर्शनांत सुईच्या या धांवण्याचें कारण ‘अदृष्ट’ म्हटलें आहे. शास्त्रार्थ कांहींही असो, न दिसलेल्यास अदृष्ट म्हणण्याचें धैर्य आम्हांस वर्गांत झालें नाहीं. समोर धरलेलें दृष्टही आम्हीं पाहिलें नाहीं.

तो विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असून गांवांतच त्याचें दुकान आहे. दुसऱ्या दिवशीं आम्ही नातवास घेऊन तेथें गेलों आणि त्याच्यादेखत चूक कबूल केली. तो संकोचानें उठून उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, तो डबा आईनें अजून ठेवला आहे.”

आम्हीं तो मागून घेतला, नातवाकडून लोहचुंबक लावविला. डबा चिकटला नाहीं. जें तीस वर्षांपूर्वीं पाहावयाचें, तें त्या दिवशीं पाहिलें.