नकाशावरची रेघ आणि मामांची फेरी

गळीत हंगाम सुरू होऊन महिना झाला होता आणि ट्रेनी म्हणून साखर कारखान्यातली ही माझी पहिलीच नोकरी. साहेबांनी कंपन मोजायचं यंत्र हातात दिलं आणि म्हणाले, "38 मशीन आहेत. दर बुधवारी सगळ्यांचं रीडिंग पाहिजे. फेरी कशी मारायची ते तूच ठरव." मी लेआऊटचा कागद पसरला, कमीत कमी चालणं होईल अशी रेघ ओढली आणि दोन तास धरले.

पहिल्या बुधवारी साडेचार तास लागले, तरी नऊ मशीन राहिली.

चुकलं कुठं तेच कळेना. रात्री वही घेऊन बसले. मोटर आणि पंप मिळून 4 बेअरिंग, प्रत्येकावर आडवं, उभं आणि शाफ्टच्या दिशेनं अशी तीन रीडिंग, म्हणजे 12. चुंबक चिकटवून आकडा स्थिरावेपर्यंत 20 सेकंद. एका मशीनला चार मिनिटं, 38 मशीनना अडीच तास नुसतं उभं राहण्यात! मी हिशेब केला होता तो फक्त चालण्याचा. त्यात कागदावर शेजारी दिसणारी मशीन प्रत्यक्षात एक तळाला, दुसरं पॅनच्या मजल्यावर, मधे लोखंडी जिना.

सेंट्रिफ्युगलपाशी तर मी रडकुंडीला आले. ही मशीन एका वेगानं चालतच नाहीत. हळू फिरताना साखरेचे कण आणि मळी यांचं मिश्रण भरायचं, मग वेग घेऊन साखर वेगळी करायची, पुन्हा थांबायचं. हे चक्र जेमतेम तीन मिनिटांचं. एकाच मोटरवर मला दर वेळी वेगळा आकडा मिळत होता. ज्या चार मशीनांवर सर्वांत जास्त जीव ओतला, त्यांचीच रीडिंग टाकून द्यावी लागली.

दुसऱ्या आठवड्यात एका मोटरच्या मागच्या टोकाला 9.2 मिलिमीटर प्रतिसेकंद आलं. मी घाबरून साहेबांना फोन लावणार, तेवढ्यात तेलाची बुधली घेऊन ऑईलमन मामा आले.

"मॅडम, ह्यो पंख्याचा पत्रा हाय. पत्रा थरथरतोयच की. हितं लावा." त्यांनी बोट ठेवलं ते बेअरिंगच्या घरावर. आकडा आला 2.4. मामांनी खिशातून खडू काढून तिथं गोल केला.

मग मी त्यांच्या मागोमाग हिंडले. त्यांची फेरी माझ्या रेघेपेक्षा लांब होती, दोनदा त्याच जिन्यावरून जाणारी. पण ते पोचायचे तेव्हा मशीन चालू असायचं. सेंट्रिफ्युगलच्या रांगेत ते क्रम धरतच नव्हते, ज्यानं वेग धरलाय त्याच्याकडे आधी. माझ्या यंत्रातही मधलं मशीन सोडून पुढं जाता येतं, हे मला तेव्हा सुचलं.

"आणि दोन नंबरचा पंप?" मी विचारलं. त्याचे रकाने दोन्ही आठवडे रिकामे होते.

"त्यो राखीव. सोमवारी सकाळी आठला तासभर चालवून बघत्यात. बुधवारी कसा घावंल तुमास्नी?"

एक नंबरचा पंप बंद पडला, तर ज्याच्यावर भिस्त त्याचीच प्रकृती कुणी पाहत नव्हतं. मी फेरीचे दोन तुकडे केले. राखीव पंप सोमवारी, बाकीचं बुधवारी, आणि मोजायच्या प्रत्येक जागी पिवळ्या रंगाचा ठिपका.

परवा सोमवारी पावणेआठलाच जाऊन उभी राहिले. दोन नंबर सुरू झाला, मी ठिपक्यावर चुंबक टेकवलं. 1.9.