हसवणारा वायू आणि नातवाची मोटार

मिशिगनला असणारा माझा नातू दोन वर्षे आपल्या जुन्या मस्टँगवर पगार उधळतो आहे. आता तिला म्हणे 'नायट्रस' बसवले. लेकीचा फोन आला, "बाबा, तुम्हीच समजावा." मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला इतिहासाचा मास्तर, इंजिनातले काय समजावणार? म्हणून आधी त्यालाच विचारत बसलो. तीन रविवार गेले त्यात!

नायट्रस ऑक्साइड म्हणजे लाफिंग गॅस. हा गडी माझ्या ओळखीचा. हम्फ्री डेव्हीने स्वतः हुंगून १८०० साली त्यावर पुस्तक लिहिले. होरेस वेल्स या दंतवैद्याने दात काढताना तो वापरायला मात्र १८४४ उजाडले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विरळ हवेत उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांनाही तो पाजला. असो.

"आजोबा, हा स्वतः जळत नाही," नातू म्हणाला. सिलिंडरच्या उष्णतेने तो फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. वजनाने पाहिले तर हवेत प्राणवायू २३ टक्के, यात ३६. त्यामुळे जास्त पेट्रोल जाळता येते. जोर त्या पेट्रोलचा! शिवाय द्रवाची वाफ होताना आत येणारी हवा गार आणि दाट होते.

धोकाही इथेच. पेट्रोल त्या प्रमाणात वाढले नाही, तर आच भडकते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनचा माथा वितळतो. मला लोहाराचा भाता आठवला. वारा जास्त झाला की लोखंडच जळते.

म्हणून त्याने सुरुवात ५० हॉर्सपॉवरच्या छोट्या जेटने केली. ठिणगी साधारण २ अंश उशिरा, प्लग एक पायरी थंड, पेट्रोल चढ्या ऑक्टेनचे. पेडल पूर्ण दाबलेले आणि फेरे ३००० च्या वर असतील तरच वायू सुटतो. पेट्रोलचा दाब पडला की एक स्विच तो आपोआप तोडतो. प्रत्येक धावेनंतर हा प्लग काढून त्यावर ठिपके पडलेत का पाहतो. अगदी वही तपासावी तसे! पोराने शाळेत एवढे केले असते तर...

बाटलीत दाब ९०० ते ९५० पीएसआय हवा. थंडीत तो उतरतो, म्हणून थर्मोस्टॅटचे ब्लँकेट. काही महाभाग ज्योतीने शेकतात, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दाब फार चढला तर बाटलीची चकती फुटून वायू नळीने गाडीबाहेर जातो. मोटारीच्या या वायूत कोणी हुंगू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड घालतात. म्हणजे हसू नाही, ठसका!

इंजिनाची काळजी तो घेतो, हे पटले. मग मला हवा होता तो प्रश्न विचारला. "रस्त्यावर?"

जरा वेळ शांतता.

"ड्रॅग स्ट्रिपवरच, आजोबा. ४०२ मीटर."

"मग एरवी बाटली काढून गॅरेजात ठेवायची आणि फोटो मला पाठवायचा."

"विश्वास नाही?"

"आहे. तरी पाठव."

चिडला होता. शुक्रवारी रात्री फोटो आला. डिकीतला रिकामा पट्टा, आणि शेजारी मुद्दाम ठेवलेला एक स्वच्छ प्लग.