घाण्याच्या तेलाचा हनुक्का

ठाणे

चि. सौ. बयो हिस,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मावशी, आपल्या कोकणातल्या लोकांना हनुक्का माहीतच नव्हता, मग मी कशाला एवढं करू? बॅटरीचे दिवे मागवलेत, मुलांना चिकटवायला कागदांचा तयार डबाही येतोय." फोन ठेवल्यावर मला काही सुचेना. तू म्हणालीस ते खरं आहे, म्हणूनच जास्त लागलं.

आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या केहिमकरांचं म्हणणं धरलं, तर नवगावच्या किनाऱ्याला लागलेले आपले पूर्वज, ते सात पुरुष आणि सात बायका इ.स.पू. 175 च्या सुमाराचे. ज्याच्या आठवणीत हनुक्का करतात, ते यरुशलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध झालं इ.स.पू. 164 मध्ये. हे निघाले तेव्हा जो सण घडलाच नव्हता, तो त्यांना ठाऊक कसा असेल? पण इथे येऊन ते करत काय होते, ते आठव. तेल गाळत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं, हा ज्या सणाचा चमत्कार, तो सण तेल्याच्या घरचा नाही म्हणतेस? सण आपल्याला कोचीनकडच्यांनी शिकवला असेल, तेलाची ओळख मात्र कुणी करून द्यावी लागली नाही. रेवदंड्याच्या घरी काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात, हे तूही पाहिलंयस. आणि आता बॅटरी!

असो. तू विचारलंस मुलांबरोबर सोपं काय करू, तर ते आधी सांगते.

तिकडचा दिव्यांचा सण, कार्तिगै दीपम, आत्ताच झाला असेल. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे चेन्नईत शोळिंगनल्लूरला होते, तेव्हा तुझ्या मजल्यावर दारोदार मातीच्या पणत्या होत्या, अगल विळक्कू. बाजारात अजूनही स्वस्तात मिळतील. नऊ आण. रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, म्हणजे माती तेल पिणार नाही. दुसऱ्या दिवशी वाळल्या की धाकट्याच्या हाती गेरू आणि चुना दे, बाहेरून हव्या तशा रंगवू दे. आतून रंग नको. पाटावर आठ एका ओळीत मांडायच्या, नववी शमाशची, म्हणजे बाकीचे दिवे पेटवणाऱ्या दिव्याची, ती उलट्या वाटीवर उंच. पणत्या भरायच्या उजवीकडून, पेटवायच्या मात्र नव्या दिव्यापासून डावीकडून, हे मोठीला पुन्हा एकदा सांग. वाती किती लागतील याचा हिशेब तिलाच करू दे. शमाश धरून आठ रात्रींच्या मिळून 44 होतात, पण आधी उत्तर सांगू नकोस.

वाती विकत आणू नकोस गं. कापसातली सरकी, काडी, कचरा काढायचा, बोटभर लांब पट्टी हलकेच ओढायची, तळहाताला दुधाचं बोट लावायचं आणि एकाच दिशेनं वळत जायचं. मुलं पुढेमागे चोळतात, मग वात उकलते आणि ती चिडतात. चिडू देत. जाड वात धूर करते, बारीक वात नीट जळते, हे त्यांना पहिल्याच रात्री आपोआप कळेल. वात आधी तेलात पूर्ण बुडवून मग टोक वर काढायचं.

हनुक्काच्या भोवऱ्यासाठी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा चांगला. चौकोन कापायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा, त्या छेदतात तिथे भोक पाडून आगकाडी खोचायची, गूल आधी मोडून टाकायचं. भोक केसभर सरकलं तरी भोवरा लटपटतो. चार बाजूंना हिब्रू अक्षरं: नून, गिमेल, हे, शीन. पैशांऐवजी चिंचोके घ्या. नून पडलं तर काही नाही, गिमेलला सगळे, हेला निम्मे, शीनला एक परत ढिगात. तुम्ही दोघी बहिणी यावरून भांडायचात, तेव्हा तुझी आई सगळे चिंचोके पदरात घेऊन उठून जायची.

आणि तिकडे रोज सकाळी दारात कोलम, म्हणजे रांगोळी, असतो, तर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून मुलांचे पंजे बुडव. दोन्ही अंगठे एकमेकांवर, बाकीची बोटं फाकलेली. झाला दारात हनुक्किया, म्हणजे हनुक्काचा दिवा, आठ बोटं आणि मध्ये शमाश. शेजारच्या पाट्टींना, म्हणजे आजींना, आवडेल, त्यांना बोलावूनच कर.

पण तेलाचं राहिलं. तिकडे चेक्कूचं, म्हणजे लाकडी घाण्याचं तिळाचं तेल अजून मिळतं. आपल्या गावांतून घाणे गेले, तुमच्याकडे ते रस्त्यावर दुकान मांडून चालू आहेत! जिथे घाणा डोळ्यांसमोर फिरतो, तिथे मुलांना घेऊन जा. तीळ आत जातो, पेंड बाहेर पडते, तेल गळतं, ते बघू देत. आपल्या आडनावांतली गावं ती कधी बघतील न बघतील. घाणा तरी बघतील. मराठी तर घरात तू आणि जावई दोघांनीही सोडलंत, त्याचं मी वेगळं लिहीन. मद्रासला आपलं कोण, असंही म्हणू नकोस. जॉर्ज टाउनमध्ये कोरल मर्चंट स्ट्रीट आहे ना? सतराव्या शतकात पोर्तुगीज वंशाचे यहुदी पोवळ्यांचा व्यापार करत त्या वस्तीत राहिले. तू तिथली पहिली नाहीस.

तेल म्हणते खरी, पण आता जीव धास्तावतो. तुझे ते झुळझुळीत पडदे खिडकीपाशीच आहेत. आठ दिवस काढून ठेव. पणत्या पितळी परातीत वाळू पसरून त्यात मांड, बाल्कनीत वाऱ्यावर नकोत. मोठीचे केस बांधलेले हवेत, अंगात सुती फ्रॉक, नायलॉन मुळीच नको. पेटवताना तू नाहीतर जावई समोर हवात, आणि समोर म्हणजे कानात मीटिंग घेऊन नव्हे. दिवे विझेपर्यंत खोली सोडायची नाही. अर्धा तास जळेल इतकंच तेल घाल. 2023 साली मिचाँग चक्रीवादळ येऊन गेलं आणि त्याच आठवड्यात हनुक्का लागला, ते मी विसरलेले नाही. पळ्ळिकरणैकडचं पाणी, लाइट नाही, लिफ्ट बंद, आणि तू अकराव्या मजल्यावर दोन मुलांना घेऊन. यंदाही पावसाचं काही खरं नाही म्हणतात. टॉर्चचे सेल बदल, प्यायचं पाणी भरून ठेव, आणि सोसायटीत दिवे लावायला कुणाची हरकत नाही ना, ते आधीच विचारून घे. पहिल्या रात्री दिवे लावून झाले की फोन कर. उशीर झाला तरी कर, मी जागी असेन.

तुझी,
मावशी